रायफल निवडण्याची शास्त्रीय पद्धत

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. रायफल माझी नव्हती, ती क्लबची होती. काडतुसंही क्लबच्याच कपाटातली. जाड कापडाचं एक जाकीट आणि त्याच्या आतला घाम एवढीच माझी मालमत्ता, आणि सगळा घोटाळा नेमका या मालमत्तेपायी झाला.

सुमात्राजवळच्या या बेटावर, आंग मो किओ नावाच्या भागातल्या ज्या कंपनीत मी चिप तपासतो, तिने आम्हाला एकदा सहल म्हणून शूटिंग रेंजवर नेलं. चटईवर पालथं पडून पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडायच्या. माझ्या झाडून झाल्यावर मिस्टर को नावाचे रेंज ऑफिसर दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "नॉट बॅड आ."

एवढ्या तीन शब्दांवर माणूस क्लबाचा सभासद होतो का, असं तुम्ही विचाराल. तर त्याला कारण आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत क्रिकेटचे संघ पाडताना मी कुठल्याच संघात नसायचो. मी स्कोअरर. एकदा एका संघात सातच मुलं होती, तरी आठवा म्हणून मला न घेता त्यांनी वॉचमनला घेतलं, आणि त्याच्या धावा मी लिहिल्या. शाळेत, कॉलेजात, एमएस्सीच्या हॉस्टेलवर, सगळीकडे तेच. माझं अक्षर चांगलं होतं हा माझा दोष. दुसऱ्याने केलेलं लिहिण्यात पंचवीस वर्षं गेल्यावर, आपलं काहीतरी कोणीतरी लिहून घ्यावं असं वाटणं चूक आहे का?

क्लबाचा नियम असा की नवख्याने ऑक्टोबरातली पात्रता फेरी द्यायची. दहा गोळ्या, शंभरपैकी ऐंशी गुण. मिळाले तर पक्का सभासद, क्लबाच्या संघात नाव, शिवाय स्वतःची रायफल घ्यायची परवानगी. नाही मिळाले तर आणखी एक वर्ष नवशिक्यांच्या वर्गात. आणि फेरीत कुठली रायफल आणि कुठलं काडतूस वापरणार हे आधी कळवायचं. एकदा कळवलं की बदल नाही. मिस्टर कोंच्या भाषेत, "चेंज कॅनॉट लाह."

म्हणजे निवड अचूक हवी. निवडीचा प्रश्न आला की मला उत्साह येतो. मी पदार्थविज्ञान शिकलोय.

सेरंगूनमध्ये मी विश्वासकाका आणि शैलाकाकूंच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहतो. काका बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात आहेत आणि ते काम घरीही करतात. मी जेवताना रायफलचा विषय काढला तेव्हा त्यांनी आधी उठून मुख्य दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"राजस, हळू बोल. आमचा सिटिझनशिपचा अर्ज गेलेला आहे."

"काका, कायदेशीर क्लब आहे. रायफल तिथल्याच शस्त्रागारात राहते. रिकामं काडतूससुद्धा बाहेर आणता येत नाही. फक्त दोन प्रतिष्ठित माणसांनी मला ओळखतात म्हणून सही द्यायची आहे."

"मी तुला फार ओळखत नाही," काका म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

महिना सप्टेंबरचा होता, साल २००६. जगभरचे अर्थमंत्री तेव्हा इथे बैठकीला जमले होते आणि एमआरटीच्या स्टेशनांवर एरवीपेक्षा जास्त पोलीस दिसत होते. अशा दिवसांत 'या तरुणाला बंदूक द्यायला हरकत नाही' अशा मजकुराखाली सही करायची म्हणजे बँकेतल्या माणसाचा जीव घाबरा होणारच. शेवटी शैलाकाकू म्हणाल्या, "अहो, पोरगं दोन वर्षं घरात आहे. कधी डास मारलेला पाहिला नाही मी त्याला. करा सही." काकांनी केली. मात्र खाली स्वतःहून एक ओळ जोडली: 'माझ्या माहितीप्रमाणे, आजपर्यंत.'

दुसरी सही दोन मजले खाली राहणाऱ्या प्रकाशकाकांची. हे अकाउंटंट, वय छप्पन्न, आणि मला आमच्या वस्तीत सापडलेले एकमेव शस्त्रतज्ज्ञ. कॉलेजात असताना ते एनसीसीत होते आणि देवळालीच्या कॅम्पात त्यांनी पाच गोळ्या झाडल्या होत्या. पाचही मधोमध. या पाच गोळ्या वस्तीतल्या प्रत्येक सत्यनारायणाला, प्रत्येक बारशाला पुन्हा झाडल्या जात.

"पॉइंट टू-टू ना? अरे, आम्ही तीच चालवलीय," काका सही करताना म्हणाले. "त्यात निवडायचंय काय? उचलायची, खांद्याला लावायची, श्वास रोखायचा. सुभेदार म्हणायचे, प्रकाश, तुझा हात देवाने दिलाय."

"तीस वर्षं ऐकतेय," मीनलकाकू आतून म्हणाल्या. "त्या पाच गोळ्या एकदा डोळ्यांनी बघायच्यात मला."

हे वाक्य मी तिथेच विसरलो. प्रकाशकाका विसरले नाहीत. पुढच्या रविवारी मी क्लबवर पोचलो तर काका माझ्याआधी नवख्यांच्या रांगेत. पांढरी पॅन्ट, डोक्याला टोपी, छातीत हवा.

आता निवडीकडे येऊ. पॉइंट टू-टूच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. रायफलची सुई त्या कडेवर टोला मारते. काडतूस छोटं, धक्का जवळजवळ नाही, म्हणून नवख्यांना हेच देतात. इतपत सरळ आहे. यापुढे माणसाची झोप उडते. काही काडतुसांची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते, काहींची किंचित कमी वेगाने. जोरात सुटलेली गोळी वाटेत हवेने मंदावून आवाजाच्या वेगाखाली येते आणि येताना जराशी डगमगते. म्हणजे कागदावर नेम धरायचा तर संथ गोळी बरी. पण इथल्या उकाड्यात आवाजाचा वेगच वाढतो, त्याचं काय? मी आकडेमोड केली. फरक पडतो. कितपत, हे मी विश्वासकाकांना समजावून सांगायला लागलो तर ते म्हणाले, "एकाच काडतुसावर सगळं लावू नकोस. निम्म्या गोळ्या या, निम्म्या त्या. जोखीम विभागली जाते."

"काका, मिसळता येत नाहीत."

"मग ही गुंतवणूक मला पटत नाही."

त्यात आणखी एक भानगड. एका रायफलला जे काडतूस मानवतं ते शेजारच्या तशाच रायफलला मानवत नाही, आणि का मानवत नाही हे कोणीही सांगू शकत नाही. प्रत्येक जोडी लावून बघावी लागते. क्लबात नवख्यांसाठी तीन रायफली होत्या. एक नवी, देखणी आणि हलकी. एक मधली. तिसरीचा दस्ता जागोजागी टवके गेलेला आणि वजन असं की उचलताना पाठीला कळावं. काडतुसं पाच प्रकारची. मी प्रत्येक जोडीवर गोळ्या झाडून भोकांमधली अंतरं पट्टीने मोजली. इतर सभासद रविवारी मजा करून घरी जात, मी डोळ्याला भिंग लावून भोकं तपासत बसे. मिस्टर को मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले. त्यात आदर होता की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. टवके गेलेली जड रायफल आणि एक संथ काडतूस. या काडतुसाची शिशाची गोळी मेणचट असते, त्यामुळे तिच्या भोकाभोवती काजळाची बारीक काळी कड उमटते. वेगवान गोळ्यांना तांब्याचा मुलामा असतो, त्यांचं भोक स्वच्छ. या तपशिलाचा मला तेव्हा काही उपयोग नव्हता. पण दिसलं ते टिपून ठेवायची मला सवय आहे.

प्रकाशकाकांनी त्यांची निवड रांगेत उभ्या उभ्या केली. देखणी रायफल, आणि ज्या खोक्यावर वाघाचं चित्र होतं ते वेगवान काडतूस.

"काका, ती जोडी सगळ्यात वाईट आहे. मी मोजलंय."

"अरे, वाघ आहे त्याच्यावर," काका म्हणाले.

अशा रीतीने मी महिनाभर शास्त्र केलं. काकांनी वाघ पाहिला. आणि फेरीसाठी आम्हाला शेजारशेजारच्या लेन मिळाल्या. माझी सात, त्यांची आठ.

आता शैलाकाकू. फेरीचा रविवार नेमका खंडेनवमीचा निघाला. काकू दरवर्षी खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडतात: विळी, सुऱ्या, विश्वासकाकांचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि माझा मल्टिमीटर.

"तुझी बंदूक आण आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"काकू, ती आणली तर मला अटक होईल."

"मग गोळी आण एक."

"तरीही होईल."

"रिकामी?"

"काकू."

त्यांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हत्यार हातात धरायचं आणि नवमीला त्याला साधं फूल नाही? त्याच दिवशी ते चालवायचं? राजस, हे बरं नव्हे. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

माझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं आणि माहीत होऊ नये अशी माझी इच्छा होती. म्हणून तडजोड झाली. घरी आणता येण्यासारखं माझं नेमबाजीचं जाकीट होतं. ते नेम धरताना अंग स्थिर राहावं म्हणून सतरंजीसारख्या जाड कापडाचं शिवलेलं असतं, आणि ते कोणत्या थंड देशातल्या माणसाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. ते पूजेला ठेवायचं ठरलं.

"पण काकू, हळद-कुंकू नको. फक्त फूल. तिथे कोणाला काही दिसायला नको."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या इतक्या चटकन 'बरं' म्हणाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सकाळी जाकीट मला घडी घालून मिळालं. वर झेंडूचं एक फूल. बाहेरून अगदी स्वच्छ. मी खूश झालो.

रेंजवर आमची अख्खी पलटण आली होती. विश्वासकाका पाठीमागच्या बाकावर शक्य तितके अनोळखी होऊन बसले होते. शैलाकाकूंनी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. मीनलकाकूंनी चष्मा पुसून घेतला होता. हवेत सुमात्राच्या जंगलातल्या धुराचा वास होता आणि वारा अजिबात नव्हता.

पहिल्या पाच गोळ्या झाल्या. माझे सत्तेचाळीस. पन्नासपैकी सत्तेचाळीस, म्हणजे पुढच्या पाचांत तेहतीस मिळाले की झालं, आणि तेहतीस मला झोपेतही मिळाले असते. प्रकाशकाकांचे चौतीस. मी आयुष्यात पहिल्यांदा, दुसरा कोणीतरी माझे गुण लिहीत असताना, मान वळवून पाहिलं. मिस्टर को लिहीत होते. त्यांचं अक्षर वाईट होतं, तरी मला ते दृश्य फार आवडलं.

दुसऱ्या पाचांची शिट्टी झाली. मी गालफड दस्त्याला टेकवलं आणि हनुवटीवरून काहीतरी ओघळून दस्त्यावर टपकलं. मी दुर्लक्ष केलं, घाम असणार. पुन्हा टपकलं. तेवढ्यात आठ नंबरवरून प्रकाशकाका ताडकन उठून उभे राहिले आणि ओरडले, "अरे, रक्त! पोराला गोळी लागली."

चालू रेंजवर उठून उभं राहणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. दुसरा मोठा गुन्हा ओरडणं. मिस्टर कोंनी भोंगा वाजवला. सगळ्या रायफली रिकाम्या झाल्या, सगळे नेमबाज रेषेमागे गेले, आणि प्रथमोपचाराची पेटी घेतलेले दोघे माझ्याकडे धावले. माझी मान लाल, हनुवटी लाल, चटईवर लाल थेंब.

"यू ब्लीडिंग आ? वेअर?" मिस्टर को विचारत होते.

मला कुठेच दुखत नव्हतं. पण दुखलं नाही म्हणजे लागलं नाही असं सिद्ध होत नाही, हे मला माहीत असल्यामुळे मी "बहुतेक नाही" असं म्हणालो, आणि त्यामुळे त्यांनी माझं जाकीट काढलंच. खाली गंजी. ती छातीपर्यंत लालभडक. क्लबाच्या सर्व सभासदांपुढे, त्यांच्या बायकामुलांपुढे, मी लाल गंजीत उभा. आणि उलट्या केलेल्या जाकिटाच्या आत, कॉलरखाली, ओल्या कुंकवाची पाच ठसठशीत बोटं.

मी बाकाकडे पाहिलं. शैलाकाकू शांतपणे म्हणाल्या, "बाहेरून दिसायला नको म्हणालास ना. म्हणून आतून लावलं."

"व्हॉट इज धिस?" मिस्टर को.

"रिलिजस," मी म्हणालो. "भुकटी आहे. हळदीपासून करतात."

"कॅन बर्न ऑर नॉट?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने 'नाही' म्हटलं असतं. पण मी शास्त्र शिकलोय. मी म्हणालो, "एरवी नाही. पण कुठलीही बारीक सेंद्रिय भुकटी हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली आणि ठिणगी मिळाली, तर तत्त्वतः..."

मागून विश्वासकाकांनी डोकं धरलेलं मला दिसलं.

तत्त्वतः या शब्दाची शिक्षा म्हणून माझी चटई बाहेर ओढून तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढण्यात आले. माझा दस्ता पुसला. माझी मान पुसली. घटनेची नोंद झाली, तिच्यात 'कुंकू' या शब्दाचं स्पेलिंग मला तीनदा सांगावं लागलं. सगळी रेंज ताटकळत उभी होती. एक गोरे आजोबा दुसऱ्याला सांगत होते की हा मुलगा जखमी असूनही पुन्हा झोपायला तयार आहे, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मला त्याक्षणी कुठल्याही देशाच्या कुठल्याही अंगठ्याची गरज नव्हती.

शेवटी चटई परत टाकली, भोंगा झाला, मी पालथा पडलो. कानशिलं तापली होती. पण माझी एक पद्धत आहे, तिच्यावर मी विसंबलो. रायफल हाताने ओढून नेमावर आणायची नाही. अंग सैल सोडायचं, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि डोळे उघडायचे. अंग जिकडे आपोआप रोखतं तिकडे टार्गेट असायला हवं. मी डोळे उघडले. टार्गेट अगदी मधोमध होतं. पद्धत बिनचूक होती. मी पाच गोळ्या झाडल्या, आणि प्रत्येक सुटतानाच कळलं की ही आयुष्यातली सर्वोत्तम.

मिस्टर को दुर्बिणीतून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "प्रोफेसर. लेन सेव्हन, सेकंड फाइव्ह, नथिंग."

"नथिंग?"

"ओन्ली ओल्ड फाइव्ह होल्स."

मी चटईकडे पाहिलं. फोटो काढून परत टाकताना ती उजवीकडे जराशी तिरकी पडली होती. अंग चटईबरोबर फिरलं होतं, आणि माझी बिनचूक पद्धत माझ्याबरोबर फिरून आठ नंबरवर जाऊन थांबली होती. टार्गेटच्या डोक्यावर पाटीएवढा आकडा असतो. तो मी पाहिला नव्हता. पद्धत असल्यावर आकडा कोण पाहतो?

कागद आणले. आठ नंबरच्या कागदावर बरोबर दहा भोकं. पाच इकडेतिकडे विखुरलेली. आणि मधोमध पाच, एकमेकांत घुसलेली, नखाखाली झाकतील अशी. प्रकाशकाकांच्या स्वतःच्या दुसऱ्या पाच गोळ्या रक्ताच्या धसक्याने मागच्या मातीच्या बांधात गेल्या असणार. काकांचे पहिले चौतीस, आणि हे एकोणपन्नास. त्र्याऐंशी.

मिस्टर को एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे पाहत होते. "टेन शॉट्स, टेन होल्स. यू शूट हिज टार्गेट, युवर्स काउंट झीरो. बट हिज टार्गेट, हू नोज हूज होल? यू कॅन प्रूव्ह ऑर नॉट?"

भोकाला आडनाव नसतं असं त्यांना वाटत होतं. मला माहीत होतं की असतं. मधल्या पाचांच्या कडेला काजळाची बारीक काळी रेघ होती. विखुरलेल्या पाचांची कड स्वच्छ होती. खिशात भिंग होतं. दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याकडे इतका निर्विवाद पुरावा कधी नव्हता.

सिद्ध करून मला काही मिळणार नव्हतं. माझं शून्य शून्यच राहणार होतं. पण 'त्या पाच गोळ्या माझ्या आहेत' एवढं तरी चारचौघांत लिहिलं गेलं असतं.

प्रकाशकाका टोपी हातात घेऊन उभे होते. ते कागदाकडे पाहत नव्हते. त्यांच्या मागे मीनलकाकू चष्मा नाकावर चढवून त्या मधल्या पाच भोकांवर बोट फिरवत होत्या, आणि म्हणत होत्या, "अहो, खरंच हो. मी आपली उगाच..."

"कॅन ऑर नॉट?" मिस्टर कोंनी पुन्हा विचारलं.

"कॅनॉट," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर शैलाकाकूंनी मला शेवटची पुरी दिली. "देवीने तुझ्या गोळ्या अगदी नीट नेल्या बघ," त्या म्हणाल्या. "पत्ता तू चुकीचा दिलास, त्याला ती काय करणार?" विश्वासकाका म्हणाले की जोखीम विभागली असती तर निम्म्या तरी घरी आल्या असत्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मिस्टर कोंनी निघताना मला बाजूला घेऊन एक विनंती केली होती. पुढच्या महिन्यापासून रविवारच्या सामन्यांना त्यांना एक नीटनेटका स्कोअरर हवा होता.

तो कागद आता प्रकाशकाकांच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत आहे. वर झेंडूचा हार, खाली त्यांचं नाव. आलेगेले विचारतात, या पाच इतक्या जवळ, मग या पाच इकडेतिकडे कशा? काका सांगतात, त्या हात बसवायला. मग देवळाली सुरू होते.

परवा मी खाली चहाला गेलो होतो. मीनलकाकू स्वयंपाकघरात होत्या. काका चौकटीकडे पाहत म्हणाले, "राजस, या मधल्या भोकांची कड काळी का रे? बाकीच्यांची नाहीये."

मी कपात पाहिलं. "इथली हवा दमट असते, काका."

"हं," काका म्हणाले. "मलाही तसंच वाटलं." मग बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. "आता स्वतःची रायफल घ्यायची म्हणतोय. तू सांगशील ती. काडतूसही तूच सांग. वाघाबिघाचं काही नको."

मी सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये देवळाली आणली नाही. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या वर्षी तू परत फेरीला बसशील, तेव्हा मी मिस्टर कोंना सांगून तुझ्या शेजारची लेन मागून घेतो. बसला तर बसतो नेम. तुझ्या कागदावर पाच टाकून देतो. फिट्टंफाट."

काकांच्या दुसऱ्या पाच गोळ्या कुठे गेल्या होत्या ते मला आठवलं.

"नको," मी म्हणालो. तत्त्वतः वगैरे काहीही न जोडता.